मोकळीं पावलें

चीन देशांत शेंकडों वर्षें लहान मुलींचे पाय पट्ट्यांनीं आवळून बांधण्याची चाल होती. बोटें तळव्याखालीं दुमडत, हाडें मोडत. आणि हें करणारी बहुधा जन्मदात्री आईच असे. ती निर्दय नव्हे. मोठ्या पावलांच्या मुलीला चांगलें स्थळ मिळणार नाहीं, ही तिची धास्ती! उपवर मुलगीही मग स्वतःच्या पावलांकडे भावी सासूच्या दृष्टीनेंच पाही.

ही गांठ नुसत्या उपदेशानें सुटणारी नव्हती. १८९७ सालीं शांघाय येथें लिआंग छी-छाओ प्रभृति सुधारकांनीं मंडळ स्थापिलें. सभासदांनीं मुलींचे पाय बांधावयाचे नाहींत, आणि मुलांसाठीं बांधलेल्या पावलांची वधू पाहावयाची नाहीं, असा त्याचा नियम. मर्म आहे तें या दुसऱ्या कलमांत. सोयरिकीची हमी मिळतांच आईची भीति ओसरूं लागली. मोकळ्या पावलाला 'स्वर्गदत्त पाऊल' अशा अर्थाचें गौरवाचें नांव लाभलें. कन्याशाळांत मैत्रिणींबरोबर धांवणें हेंच भूषण ठरूं लागलें.

१९०२ सालीं राजाज्ञा निघाली, १९१२ सालीं प्रजासत्ताकानें बंदी घातली. परंतु ज्यांचीं पावलें आधींच मोडलीं होतीं, त्यांची दैना कोणीं पाहिली? काल वाखाणलेलीं तींच पावलें आतां उपहासास पात्र झालीं. शान्सी प्रांतांत १९१७ नंतर तपासनीस घरोघर फिरून दंड करीत. पट्ट्या सोडल्यावर त्या स्त्रियांना चालणें पहिल्याहून दुःसह होई.