संसाधनमुक्ती आणि ऑब्जेक्टचे आयुष्य

संसाधनमुक्ती : प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतलेली फाइल, डेटाबेस कनेक्शन, नेटवर्क सॉकेट यांसारखी साधने काम संपताच परत करण्याची व्यवस्था. डॉटनेट आणि जावा यांत मेमरी परत मिळवण्याचे काम गार्बेज कलेक्टर आपण होऊन करतो. या साधनांची टंचाई मात्र त्याला कळत नाही. ऑब्जेक्ट आणि त्याच्या ताब्यातले साधन यांचे आयुष्य एकच, असे धरून लिहिलेला कोड म्हणूनच अडचणीत येतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः डॉटनेटमधील सी शार्प भाषेविषयी आहे.

जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेवरील १९६० च्या निबंधात, प्रोग्रॅमला पोचता न येणारी मेमरी शोधून पुन्हा वापरात आणण्याची रीत मांडली. त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी संदर्भगणना सुचवली : ऑब्जेक्टला धरून असलेले संदर्भ मोजत राहायचे आणि संख्या शून्य होताच त्याची मेमरी मोकळी करायची. या रीतीत साधन केव्हा सुटेल हे नेमके ठाऊक असते, आणि व्हिज्युअल बेसिकच्या प्रोग्रॅमरांना तीच सवय होती. पण दोन ऑब्जेक्ट एकमेकांना धरून राहिले की संख्या शून्यावर येतच नाही; शिवाय मोजणीचा खर्च प्रत्येक संदर्भामागे पडतो. डॉटनेट घडत असताना, २००० साली, ब्रायन हॅरी यांनी संदर्भगणना न स्वीकारण्याची कारणे विस्ताराने लिहिली. नेमकी वेळ साधण्याची जबाबदारी अशा रीतीने प्रोग्रॅमरकडे आली.

कलेक्टर धावतो तो मेमरीची गरज पाहून. एसक्यूएल सर्व्हरच्या कनेक्शन पूलची मर्यादा मुळात १०० असते. कोडने कनेक्शन बंद न करता सोडून दिली, तर पुढच्या विनंतीला १५ सेकंद थांबून अपयश येते. त्या वेळी मेमरी भरपूर मोकळी असू शकते, म्हणजे कलेक्टरला धावण्याचे कारणच नसते. प्रोग्रॅमरच्या मशिनवर हा दोष दिसत नाही. खऱ्या वापरकर्त्यांची गर्दी झाल्यावर तो उघडा पडतो.

यावरचा उपाय म्हणजे आयडिस्पोजेबल इंटरफेस आणि त्यातली डिस्पोज ही मेथड. युझिंग विधान लिहिले की मध्येच एक्सेप्शन आले तरी डिस्पोज हाकारली जाते. तिने मेमरी मोकळी होत नाही : साधन परत जाते आणि निकामी झालेला ऑब्जेक्ट कलेक्टर येईपर्यंत तसाच राहतो. व्हेरिएबलमध्ये नल भरल्याने तर साधनही सुटत नाही.

फायनलायझर, म्हणजे ऑब्जेक्ट नष्ट होण्याआधी कलेक्टरमार्फत चालणारी मेथड, ही केवळ शेवटची जाळी. ऑब्जेक्टला फायनलायझर असेल, तर कलेक्टर त्याला पहिल्या खेपेस नष्ट न करता वेगळ्या रांगेत घालतो. त्यामुळे तो आणि त्याने धरलेले सारे ऑब्जेक्ट पुन्हा जिवंत ठरून वरच्या पिढीत, म्हणजे क्वचित तपासल्या जाणाऱ्या जुन्या ऑब्जेक्टांच्या गटात, सरकतात; मेमरी नंतरच्या एखाद्या खेपेस मिळते. फायनलायझर कोणत्या क्रमाने चालतील याची हमी नाही, आणि डॉटनेट कोअरपासून प्रोग्रॅम संपताना ते चालवलेही जात नाहीत. म्हणून डिस्पोजमध्ये सप्रेसफायनलाइझ हाकारून हा फेरा टाळतात.

याहून घातक प्रकार उलट दिशेचा, म्हणजे साधन वेळेआधीच सुटण्याचा, आहे. ऑब्जेक्ट ब्लॉकच्या शेवटापर्यंत जगतो, हा समज चुकीचा आहे. ऑप्टिमाइझ केलेल्या कोडमध्ये त्याचे आयुष्य शेवटच्या वापरापाशी संपू शकते, मग त्याचीच एखादी मेथड अजून चालू का असेना. त्या मेथडने हँडलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमने साधनाला दिलेल्या ओळखीचा, आकडा स्थानिक व्हेरिएबलमध्ये घेऊन विंडोजचे फंक्शन हाकारले, की तेवढ्यात फायनलायझर तेच हँडल बंद करू शकतो. विंडोजने तो आकडा दुसऱ्या फाइलला दिला, तर लिखाण भलत्याच फाइलीत जाते. हा दोष सुरक्षेच्या दृष्टीनेही गंभीर आहे. जीसी-कीपअलाइव्ह हा त्यावरचा सुटा उपाय. डॉटनेट २.० मध्ये, २००५ साली आलेला सेफहँडल अधिक भक्कम : फंक्शन चालू असेतो तो हँडल धरून ठेवतो, आणि त्यासाठी संदर्भगणनाच वापरतो. नव्या कोडमध्ये स्वतः फायनलायझर लिहिण्यापेक्षा सेफहँडल वापरणेच योग्य.

जावाने हाच धडा हळूहळू घेतला. जावा ७ मध्ये, २०११ साली, साधने आपोआप बंद करणारे ट्राय विधान आले. फायनलाइझ मेथड २०१७ साली जावा ९ मध्ये नापसंत ठरली आणि २०२२ च्या जावा १८ मध्ये तर काढून टाकण्यासाठी नेमली गेली. पायथनमध्ये विथ विधान २००६ पासून आहे.

डिस्पोज कोणी हाकारायची, हा मालकीचा प्रश्न असून सी शार्पचा कंपायलर तो सोडवत नाही. एचटीटीपीक्लायंट दर विनंतीला नवा करून डिस्पोज केला, तर बंद झालेली सॉकेट काही काळ अडकून राहतात आणि गर्दीत पोर्ट संपतात. म्हणून तो सहसा सामायिक ठेवतात. स्ट्रीमरीडर डिस्पोज झाला की बाहेरून दिलेली स्ट्रीमही बंद करतो. ती उघडी ठेवण्याची सोय कन्स्ट्रक्टरमध्ये डॉटनेट ४.५ पासून, म्हणजे २०१२ सालापासून, मिळते.