कात्रजचा नळ

कात्रजच्या डोंगरातून उतरणाऱ्या आंबील ओढ्याला बांध घालून त्याचे पाणी पुण्याच्या पेठांत आणावे, ही मसलत नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत, १७४९ च्या सुमारास, मुक्रर झाली. १७३० साली शनिवारवाड्याचा पाया पडल्यापासून शहराची वस्ती सारखी वाढत होती. सरदार, कारकून, उदमी, भिक्षुक असा नाना परींचा समुदाय नव्यानव्या पेठांत येऊन राहिला होता, आणि मुठेचे पात्र व वाड्यावाड्यांतील विहिरी एवढ्यावर त्याची तहान भागण्याजोगी नव्हती. तेव्हा दगडाचुन्यात बांधलेला, सुमारे पाच मैलांचा बंदिस्त नळ जमिनीखालून शहरापर्यंत आणण्यात आला. त्याला नळ म्हणतात खरे, परंतु आजच्या लोखंडी नळाचे चित्र डोळ्यांपुढे आणू नये. त्याच्या आतून माणूस चालत जाऊ शकेल एवढा तो प्रशस्त आहे.

या रचनेत मला सर्वाधिक मोह पडतो तो पाण्याला दिलेल्या सवडीचा. कात्रजला एक सोडून दोन तलाव बांधले, ते अशासाठी की ओढ्याने आणलेला गाळ वरच्या तलावात बसावा आणि निवळलेले पाणी तेवढे खाली उतरावे. आणि नळात शिरल्यावरही त्याला वाटेत थांबून उरलासुरला गाळ टाकता यावा म्हणून ठिकठिकाणी कुंडे ठेवली. सारा प्रवास केवळ उताराच्या बळावर, आणि तोही अंधारातून, जेथे ऊन नाही म्हणून शेवाळ नाही आणि गुराढोरांचे पाय लागण्याची भीती नाही. नळात कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि गाळ काढणाऱ्या माणसाला आत उतरता यावे, यासाठी मधून मधून दगडी बांधकाम जमिनीवर उचलून घेतलेले आहे. त्याला लोक उच्छ्वास म्हणतात. जलविद्येची परिभाषा धुंडाळणाऱ्यांनी या एका शब्दापाशी क्षणभर थांबावे. वाहत्या पाण्यालाही श्वास सोडावा लागतो, हे ज्याने ओळखले त्याला पाण्याचा स्वभाव पुरता ठाऊक होता.

शहरात आल्यावर हे पाणी हौदांतून वाटले जाई. काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठेतील हौद, नाना हौद ही नावे पुण्याच्या बोलण्यात अद्याप टिकून आहेत. दगडी कठड्यावर घागर टेकवावी, ती तिरपी करून पाण्यात बुडवावी, आणि भरली म्हणजे कडेवर घेऊन घर गाठावे, हा कित्येक पिढ्यांचा नित्यक्रम होता.

परंतु पाण्याची ही राखण सांगताना दुसऱ्या राखणीविषयी मौन पाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. गाळापासून पाणी जपण्यासाठी ज्या समाजाने इतकी बुद्धी खर्चिली, त्याच समाजाने माणसाच्या स्पर्शाने ते विटाळते असेही मानले. आणि आपल्याच गावच्या पाणवठ्यापासून चार हात दूर उभे राहून, कोणी वरून ओतील तेवढ्यावर, असंख्य माणसांना तहान भागवावी लागली. कुंडातला गाळ उपसता येतो. मनातला हा गाळ उपसण्यास पुण्यात पहिला हात जोतीराव फुल्यांनी घातला. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. पुढे डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या दिवंगत कन्येच्या, बाहुलीच्या, स्मरणार्थ हौद बांधून तो सर्व जातींसाठी मोकळा ठेवला. मला हे दोन हौद कात्रजच्या तलावांहून लहान वाटत नाहीत.

१८७९ च्या सुमारास खडकवासल्याचे धरण झाले आणि पुढे घरोघर तोट्या आल्या, तशी हौदांकडे जाणारी पाऊलवाट ओस पडत गेली. नळ मात्र जमिनीखाली वाहतच राहिला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचाही बांध वाहून गेला आणि ज्याच्यावर सारे शहर विसंबले होते तो साठाच नाहीसा झाला. नदीकाठच्या पेठा चिखलात रुतलेल्या, तोट्या कोरड्या, अशा त्या दिवसांत बायाबापड्या घागरी, बादल्या, कळशा, जे हाती लागेल ते घेऊन जुन्या हौदांकडे निघाल्या. कात्रजचे पाणी तेथे येत होते.