फळीचा कणा कुठल्या लाकडाचा?

आजची पोस्ट जरा लांब आहे. खड्डे, पार्किंग, तुंबलेली गटारं यांवर नेहमीच लिहितो. आज एका फळीवर लिहितोय.

आमच्या सोसायटीतल्या बारावीच्या एका पोराने घरीच सर्फिंगची फळी बनवायला घेतली. फ्रिजच्या पॅकिंगचा थर्माकोल एकावर एक चिकटवला, घासून आकार दिला आणि होडीच्या डागडुजीतून उरलेलं रेझिन कोळीवाड्यातून आणून वर ओतलं. सकाळी बघतो तर थर्माकोलला खड्डेच खड्डे, चहात बिस्कीट विरघळावं तसे! कारण साधं आहे. फायबरच्या होड्यांना वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन, त्यात स्टायरिन असतं. थर्माकोल म्हणजेही फुगवलेलं पॉलिस्टायरिन. एकाच कुळातले असल्याने एक दुसऱ्याला विरघळवतं. थर्माकोलवर इपॉक्सीच लागतं.

दुसरी फळी त्याने इपॉक्सी लावून केली. जुहू चौपाटीवर गुडघाभर पाण्यात पहिल्याच बऱ्या लाटेने तिचे मधोमध दोन तुकडे केले. शेजारी जाळं झटकत बसलेले एक म्हातारे कोळीकाका म्हणाले, "आरं पोरा, पठाण कुठं हाय हिचा?"

पठाण म्हणजे होडीच्या तळातून लांबीभर जाणारा मुख्य वासा. काकांनी सर्फिंगचं एकही पुस्तक वाचलेलं नाही, पण चूक नेमकी पकडली. फोमच्या फळीत मधोमध उभी बसवतात त्या लाकडी पट्टीला स्ट्रिंगर म्हणतात. (मी स्वतः आठ वर्षं पेपरचा स्ट्रिंगर होतो. आम्हीही आत दडलेलेच, मोडल्यावरच लोकांना कळतो.)

या पट्टीचा इतिहास बघायला गेलो आणि त्यात आपल्या ओळखीचीच झाडं भेटत गेली.

हवाई बेटांवरच्या जुन्या फळ्या अखंड लाकडाच्या असत. त्यांना वेगळा कणा नव्हता. लाकडं तीन: कोआ, उलू आणि विलीविली. कोआ आपल्या ऑस्ट्रेलियन बाभळीच्या कुळातला. उलू म्हणजे नीरफणस, आपल्या फणसाचा भाऊ. आणि विलीविली हा चक्क पांगाऱ्याचा सख्खा नातेवाईक! मी बातमीदारी सुरू केली ती सावंतवाडीत. तिथली रंगीत लाकडी खेळणी पूर्वी पांगाऱ्याच्याच लाकडाची व्हायची, कारण ते हलकं आणि कोरायला मऊ. हवाईतल्या सरदारांच्या लांबलचक फळ्या विलीविलीच्या असत, त्याही त्याच हलकेपणासाठी.

१९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात दक्षिण अमेरिकेतलं बालसा आलं. अगदी हलकं, पण मऊ आणि पाणी पिणारं. म्हणून बालसाच्या पट्ट्यांमध्ये रेडवुडच्या कडक पट्ट्या चिकटवू लागले. कण्याची सुरुवात ही अशी. १९५८ च्या सुमारास होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोमच्या फळ्या करायला घेतल्या आणि लाकूड जवळजवळ संपलं. उरली ती फक्त मधली पट्टी. पुढे क्लार्कच्या कारखान्यातून अमेरिकेतले बहुतेक कच्चे फोम येत. ५ डिसेंबर २००५ ला त्याने कारखाना अचानक बंद केला आणि फळ्या घडवणारे रातोरात अडचणीत आले. त्यानंतर थर्माकोल आणि इपॉक्सीकडे बरेच जण वळले. आमचा पोरगा नकळत त्याच वाटेवर होता.

हाच कणा जुहूत फार पूर्वी उतरलाय, तोही आकाशातून. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले. त्यांच्या पस मॉथ विमानाचे पंख म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणलेलं कापड. पंखाच्या आत लांबीभर जाणारी लाकडी तुळई वाकण्याचा सगळा ताण घेते. फळीतल्या स्ट्रिंगरचं कामही तेच.

आता मुद्द्याचं. पट्टी कशाची घ्यायची?

आधी हिशोब. ७ फूट लांब, ६ मिलिमीटर जाड, सरासरी ५ सेंटिमीटर उंच पट्टी सागवानाची केली तर वजन साधारण ४०० ग्रॅम, बालसाची केली तर १०० ग्रॅम. फरक आहे, पण जीव जाण्याइतका नाही. सागवान ३ मिलिमीटरचं घेतलं की २०० ग्रॅमवर येतं. कडकपणा जाडीपेक्षा उंचीवर जास्त ठरतो: उंची दुप्पट केली की तो आठपट होतो. म्हणून पट्टी उभी बसवायची, आडवी नाही.

सागवानाची खरी अडचण त्याच्या तेलाची. चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसलं नाही तर इपॉक्सी नीट धरत नाही. शिवाय कडक लाकूड आणि मऊ फोम एकत्र घासताना फोम आधी झिजतो आणि मधे उंचवटा राहतो. तिथे पट्टीवर आधी छोटा रंधा मारायचा. मरीन प्लाय चिरत नाही, पण त्याचे निम्मे थर आडवे असल्याने त्याच जाडीत कडकपणा कमी. पॅकिंगच्या खोक्यातलं पाइन चालतं, फक्त गाठ नको आणि रेषा सरळ हवी. गाठ असेल तिथेच मोडणार. बांबूच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवूनही छान कणा होतो. सुताराचा साधा पांढरा गम मात्र समुद्राच्या पाण्यात टिकत नाही.

आणि फोम? पॅकिंगचा थर्माकोल घनमीटरला १०-१५ किलोचा असतो, फळीला साधारण २५-३० किलोचा लागतो. इतक्या हलक्या फोमला सोन्याचा कणा घातला तरी तो दबणारच.

हे सगळं लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. जून २०२३ मध्ये वादळाच्या दिवसांत जुहूच्या याच समुद्रात चार मुलं बुडाली. पोरं पाण्याकडे जाणार, व्हिडिओ बघून फळ्याही बनवणार. नुसतं "जाऊ नका" म्हणून कुणी थांबत नाही. पण पावसाळ्यात घरगुती फळी घेऊन पाण्यात उतरणं म्हणजे आपणहून संकट ओढवणं, हे त्यांना पटेल अशा माणसाने सांगायला हवं.

तो माणूस आपल्या शेजारीच बसलाय. लाकूड निवडणं, रेषा बघणं, पठाण बसवणं हे ज्ञान जुहू-वेसाव्याच्या कोळीवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या होतं. होड्या फायबरच्या झाल्या आणि त्या हातांना कुणी विचारेना. आपल्या शाळा-कॉलेजांनी वर्षातून दोन रविवार या काकांना बोलावलं, मानधन दिलं, पोरांच्या हातात रंधा दिला, तर फळीही नीट होईल आणि पाण्याचा मानही कळेल.

आमच्या पोराची तिसरी फळी आता काकांच्या पडवीत आहे. कणा जुन्या होडीच्या सागवानाचा. दिवाळीनंतर समुद्र शांत झाल्यावरच पाण्यात घालायची, ही काकांची अट. पोराने ती मान्य केलीय.

तुमच्या घरात, वाडीत होड्या बांधलेलं कुणी असेल तर खाली जरूर लिहा. कुठलं लाकूड कशाला वापरायचे, तेही सांगा. मी उतरवून ठेवतोय.