घरच्या सिनेमाचा दिवा

मोटर फिरते, पंखा घुमतो, फिल्म दातेरी चाकावरून पुढे सरकते. भिंत मात्र काळोखीच. माळ्यावरून काढलेला जुना आठ मिलिमीटरचा प्रोजेक्टर बहुतेक वेळा असाच रुसतो. ‘मशीनच गेलं’ म्हणून ते भंगारात टाकणारी घरे पुष्कळ. गेलेला असतो तो बहुधा नुसता दिवा, आणि त्याचे आयुष्य मुळातच थोडे धरलेले असते. ते थोडे का, याचे उत्तर त्याच्या कुळात आहे.

महाराष्ट्रात पडद्यावर चित्र पाडण्याची विद्या सिनेमाच्याही आधीची. ल्युमिएर बंधूंची चित्रे मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी हलली. त्याआधी, १८९२ च्या सुमारास, कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्याच्या उजेडात पडद्यावर दाखवू लागले होते. त्या मॅजिक लँटर्नचे मराठी नाव ‘शांबरिक खरोलिका’. शंबरासुर मायावी, म्हणून शांबरी म्हणजे माया. यंत्राला नाव मायेचे मिळाले, पण माया उभी राहायची ती आतल्या ज्योतीच्या जोरावर.

घरात बसून सिनेमा पाहण्याच्या वेडाचा आपल्याकडचा ठळक दाखला दादासाहेब फाळक्यांचा. ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहून ते झपाटले. १९१२ साली लंडनला जाण्याआधी त्यांनी स्वस्तातले यंत्र आणि रिळे मिळवली, आणि रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगावर धरून चित्रे घराच्या भिंतीवर पाडायला सुरुवात केली. रोज चार-पाच तास चित्रे बघायची, झोपेला फाटा द्यायचा. अखेर डोळ्यांनी दगा दिला आणि दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परतली, म्हणून १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. मराठी सिनेमाच्या घरात पहिला प्रोजेक्टर-दिवा मेणाचा होता, ही गोष्ट जपून ठेवावी अशी आहे.

मेणबत्तीचा उजेड अपुरा, हे उघडच होते. पण प्रखर उजेड घरात आणणे धोक्याचे होते. ४ मे १८९७ रोजी पॅरिसच्या धर्मादाय बाजारात सिनेमाच्या यंत्राचा ईथरवर जळणारा दिवा भरताना भडका उडाला आणि शंभराहून अधिक माणसे गेली. थिएटरातला कार्बनचा आर्क दिवा झगझगीत खरा, पण त्याच्या कांड्या जळत जातात तशा सरकवत राहाव्या लागतात. शेजारी जाणता ऑपरेटर हवाच. त्यात त्या काळची नायट्रेटची फिल्म क्षणात पेट घेणारी.

म्हणून घरचा सिनेमा खऱ्या अर्थाने आला तो सहज न पेटणारी फिल्म आणि विजेचा बंद काचेतला दिवा यांची जोडी जमली तेव्हा. १९२२ मध्ये फ्रान्सचे पाथे-बेबी यंत्र, १९२३ मध्ये कोडॅकची सोळा मिलिमीटर आणि १९३२ मध्ये आठ मिलिमीटर फिल्म. आता कळ दाबली की भिंत उजळायची.

या सोयीची किंमत दिव्याने मोजली. टंगस्टनची तार जितकी जास्त तापवावी तितका उजेड पांढरा, आणि तितकी ती लवकर झिजणार. घरातला साधा पिवळा बल्ब हजार तास चालायचा. प्रोजेक्टरचा ७५० वॉटचा दिवा सुमारे पंचवीस. झिजलेले टंगस्टन काचेला आतून काळे करायचे. १९५९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या एल्मर फ्रिड्रिक आणि एमेट वायली यांच्या हॅलोजन दिव्याला पेटंट मिळाले. त्यातला हॅलोजन वायू उडालेले टंगस्टन पुन्हा तारेकडे नेतो, म्हणून काच स्वच्छ राहते. पुढच्या घरगुती यंत्रांत वाटीसारख्या आरशाचा, १२ व्होल्ट १०० वॉटचा छोटा दिवा रुळला. त्याचेही आयुष्य साधारण पन्नास तासांचेच.

तेव्हा बंद पडलेल्या यंत्राशी बोलायचे ते याच क्रमाने. आधी प्लग काढावा, दिवा गार होऊ द्यावा. तार तुटलेली डोळ्यांनी दिसली तर निकाल लागला. दिसली नाही तर मल्टिमीटर लावावा: गार तारेचा रोध ओहमच्या काही दशांशाइतकाच असतो, तेव्हा ‘बीप’ वाजायलाच हवा. दिवा धड असेल तर नजर होल्डरकडे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याचे पितळी चिमटे काळवंडतात, ढिले होतात, आणि पिनेला वीज पोचत नाही. मागच्या बाजूचे व्होल्टेजचे बटण अवश्य पाहावे. ११० वर ठेवून २३० ला जोडले तर नवा दिवाही क्षणात उडेल. पंखा मात्र दिव्याआधी दुरुस्त व्हायला हवा. त्याचे तेल गोठले असेल तर पन्नास तासांचा दिवा चार खेळांतच संपेल.

तेलंगणाच्या सीमेलगतच्या झरी जामणीसारख्या गावात असा दिवा विजेच्या दुकानात मागून मिळायचा नाही. पण दिव्याच्या बुडाशी किंवा आरशावर छापलेली तीन अक्षरे टिपून घेतली तर वाट सापडते. १२ व्होल्ट १०० वॉटच्या त्या दिव्याची अक्षरे ‘ईएफपी’, आणि हाच दिवा दवाखान्यातल्या काही प्रकाशयंत्रांतही बसतो. म्हणजे चौकशी सिनेमावाल्यांपेक्षा वैद्यकीय उपकरणे विकणाऱ्याकडे करावी.

नवा आला की काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल तापलेल्या क्वार्ट्झवर डाग धरते, आणि काच तिथेच कमजोर होते. स्वच्छ रुमालात धरून पिना सरळ खोचायच्या, आधी पंखा सुरू करायचा, मग दिवा. खेळ संपल्यावर दिवा आधी बंद, आणि पंखा आणखी दोन-तीन मिनिटे चालू.