अर्धशक्तीचे सूत्र आणि दमेकऱ्याचा व्यायाम

दम्याच्या रोग्याने व्यायाम करावा की करू नये, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासात वारंवार उपस्थित झाला आणि प्रत्येक काळाने त्याचे उत्तर आपल्यापाशी असलेल्या साधनांच्या मर्यादेत दिले. श्रमाने धाप लागते हा सर्वांच्याच अनुभवाचा विषय आहे. परंतु निरोगी माणसाची धाप विश्रांतीने ओसरते. दमेकऱ्याची मात्र पुष्कळदा विश्रांती घेतल्यावरच वाढू लागते. या फरकाचे कारण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत उलगडले नव्हते. तोपर्यंत श्रमाचा निषेध हाच सावधपणाचा मार्ग मानला गेला आणि त्या निषेधाची किंमत रोग्याने आपल्या शरीराच्या क्षीणतेने चुकविली. हा निषेध कसा रूढ झाला, त्याला अपवाद कोणी काढले आणि तीव्र दम्याच्या रोग्यालाही स्वतःच्या घरात मोजूनमापून व्यायाम करणे कोणत्या गोष्टींमुळे शक्य झाले, यांचा विचार येथे करावयाचा आहे.

१. प्राचीन वैद्यकातील प्रमाण व निषेध

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. यांपैकी तमकश्वासाचे वर्णन आजच्या दम्याशी सर्वाधिक जुळते. त्यात घशातील घुरघुर आहे, ढगाळ हवेने व थंडीने होणारी वृद्धी आहे, आणि आडवे झाल्यावर वाढणारा व बसल्यावर कमी होणारा त्रासही आहे. क्षुद्रश्वास हा रूक्ष आहाराने व श्रमाने उद्भवणारा आणि फारसा पीडा न देणारा प्रकार होय. श्रमाची साधी धाप आणि रोगाची धाप यांत भेद केला पाहिजे, ही जाणीव या वर्गीकरणात स्पष्ट दिसते. अतिव्यायामाच्या दुष्परिणामांत चरकाने प्रतमकाचाही समावेश केला आहे. म्हणजे श्रम व श्वासरोग यांचा कार्यकारणसंबंधही त्याच्या दृष्टीतून सुटलेला नाही.

व्यायामाच्या प्रमाणाविषयी सुश्रुत व वाग्भट यांनी घालून दिलेला दंडक प्रसिद्ध आहे. व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा. आणि अर्धी शक्ती खर्च झाली हे ओळखण्याची सुश्रुतोक्त खूण म्हणजे हृदयस्थानातील वायू मुखापर्यंत येऊ लागणे, अर्थात तोंडाने श्वास घ्यावा लागणे. येथे शरीराबाहेरील कोणतेही माप नाही. श्वास हेच माप आहे. परंतु ज्यांनी व्यायाम वर्ज्य करावा अशांची जी गणना सुश्रुत करतो, तीत रक्तपित्ती, कृश, शोषी यांच्याबरोबर श्वास व कास यांनी पीडित असलेल्यांचाही अंतर्भाव आहे. जे माप श्वासावरून घ्यावयाचे, ते श्वासच बिघडलेल्या माणसाला लागू कसे करावे, ही अडचण त्यामागे असावी. प्रमाणाचे तत्त्व अशा रीतीने हाती होते, परंतु ज्याला त्याची सर्वाधिक गरज होती त्यालाच ते नाकारले गेले.

ग्रीक वैद्यकातही श्रम हाच दम्याच्या लक्षणाचा आधार होता. धावण्याने, व्यायामशाळेतील कसरतीने किंवा अन्य कामाने श्वास घेणे कठीण झाले म्हणजे त्यास ‘अ‍ॅस्थमा’ म्हणावे, अशा आशयाची व्याख्या कॅपाडोशियाच्या अरेटिअसने केली. बाराव्या शतकाच्या अखेरीस कैरो येथे मैमोनिदीसने एका राजकुलीन रोग्यासाठी दम्यावर अरबी भाषेत ग्रंथ लिहिला. औषधांपेक्षा दिनचर्येवर त्याचा भर अधिक आहे. हवा, आहार, निद्रा व मनःस्थिती यांच्या जोडीने मित व्यायामालाही त्याने स्थान दिले. श्रमास संपूर्ण बंदी न करता त्याची गणना पथ्यात करणारे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

२. फ्लॉयर आणि सॉल्टर

या विषयात अनुभवाचे सूक्ष्म निरीक्षण प्रथम आले ते इंग्लंडातील लिचफील्डचे वैद्य सर जॉन फ्लॉयर यांच्या १६९८ सालच्या प्रबंधात. फ्लॉयर स्वतः दमेकरी होते. जोराच्या श्रमाने दमेकऱ्याचा श्वास आखूड होतो हे नमूद करून ते थांबले नाहीत. निरनिराळ्या श्रमांची त्यांनी चढती-उतरती श्रेणी लावली. करवतकाम, नृत्य व डंबेल्स यांसारखे श्रम अत्यंत उग्र. चालणे घोडेस्वारीहून अधिक कष्टाचे. आणि गाडीतून फिरणे सर्वांत सोसवणारे, असा त्यांचा क्रम आहे. श्रम ही एकच गोष्ट नसून तिचे प्रकार व मात्रा आहेत, हा विचार येथे निश्चित स्वरूपात प्रकट झाला. याच फ्लॉयरांनी पुढे नाडी मोजण्यासाठी मिनिटापुरते चालणारे घड्याळ वापरात आणले, हा निव्वळ योगायोग नव्हे. शरीराचे व्यापार मोजता आले पाहिजेत, ही दृष्टी दोन्ही कामांत एकच आहे.

हेन्री हाइड सॉल्टर यांचा दम्यावरील ग्रंथ १८६० साली प्रसिद्ध झाला. तेही दम्याने पीडित होते. श्रम आणि थंड हवा यांचा श्वासनलिकांवर होणारा परिणाम एकमेकांशी निगडित असावा, हे त्यांच्या ध्यानात आले होते. तथापि त्याची परीक्षा करण्याचे साधन त्या काळी नव्हते, आणि पुढील शंभर वर्षे ही सूचना जवळजवळ पडूनच राहिली.

३. बंद खोली आणि घरची व्यायामशाळा

साधनाच्या अभावी एकोणिसाव्या शतकात रोग्यापुढे दोन टोकाचे मार्ग उभे राहिले. त्यांची उदाहरणे दोन प्रसिद्ध पुरुषांच्या चरित्रांत आढळतात. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त याला वयाच्या नवव्या वर्षापासून दमा होता. उत्तर आयुष्यात पॅरिसमधील घराच्या एका खोलीत तो बंदिस्त होऊन राहिला. १९१० साली त्या खोलीच्या भिंतींना बुचाचे अस्तर लावले गेले, खिडक्या मिटलेल्या असत आणि दम्यासाठी औषधी भुकट्यांची धुरी घेतली जाई. घर येथे आश्रय झाले, परंतु कारागृहही झाले.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे. १८५८ साली जन्मलेल्या या मुलाला बालपणी दम्याचे भयंकर झटके येत. झटका आला म्हणजे वडील त्याला रात्री गाडीतून मोकळ्या हवेत फिरवीत आणि कडक कॉफी पाजीत. तो बारा वर्षांचा होण्याच्या सुमारास वडिलांनी त्याला शरीर कमावण्याचा उपदेश केला व न्यूयॉर्कच्या राहत्या घराच्या मागील सज्जात व्यायामाची साधने बसविली. पुढे रूझवेल्ट यांची ख्याती धाडसी शिकारी व सैनिक म्हणून झाली, आणि निश्चयाच्या बळावर दमा जिंकता येतो अशी आख्यायिका त्यांच्या नावाभोवती वाढली. वस्तुस्थिती याहून साधी आहे. व्यायाम सुरू केल्यानंतरही त्यांना अनेक वर्षे झटके येत राहिले, आणि वय वाढताना बालदमा सौम्य होणे हे असंख्य मुलांच्या बाबतीत व्यायामावाचूनही घडते. व्यायामाने त्यांचे शरीर बळकट केले हे खरे. त्याने रोग निपटून काढला असे म्हणण्यास आधार नाही. ही आख्यायिका निरुपद्रवी नव्हती. ज्याला निश्चयाने दमा जिंकता आला नाही तो दुबळ्या मनाचा, असा तिचा दुसरा अर्थ निघतो; आणि दमा हा मूलतः मनाचा विकार होय, हे मत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रबळ होते. त्याच मताच्या प्रभावाखाली अमेरिकेत डेन्व्हर येथे तीव्र दम्याच्या मुलांना आईबापांपासून दूर ठेवून उपचार करण्याची पद्धती अवलंबिली गेली. घर हेच रोगाचे मूळ, असा हा पक्ष होता.

४. कारणाचा शोध

निषेध आणि निश्चय या दोन्ही पक्षांना प्रयोगशाळेने बाजूस सारले. १९६२ साली लिव्हरपूल येथील आर. एस. जोन्स व सहकाऱ्यांनी दमेकरी मुलांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. एक-दोन मिनिटांच्या धावण्याने श्वासनलिका किंचित रुंदावतात. तोच श्रम आठ ते बारा मिनिटे चालला तर त्यानंतर त्या आकुंचन पावतात, असे त्यांत दिसून आले. हे आकुंचन साधारणतः श्रम थांबल्यानंतर पाच-दहा मिनिटांत कमाल होते आणि अर्ध्या ते एका तासात बहुधा ओसरते. विश्रांतीत वाढणाऱ्या धापेचे जुने कोडे असे मोजमापाच्या कक्षेत आले.

१९७१ साली ऑस्ट्रेलियातील फिच व मॉर्टन यांनी दाखविले की पोहण्याने असा त्रास धावण्यापेक्षा पुष्कळच कमी होतो. याचे कारण त्या दशकाच्या अखेरीस स्पष्ट झाले. विश्रांतीच्या वेळी माणूस मिनिटास सहा ते आठ लिटर हवा घेतो. श्रमात हे प्रमाण कित्येक पटींनी वाढते आणि श्वास नाकाऐवजी तोंडाने जातो. ही हवा उबदार व दमट करण्याचे काम श्वासनलिकांवर पडते, त्यांच्या आवरणातील उष्णता व पाणी खर्च होते आणि त्या शुष्कतेने पेशींतून आकुंचक द्रव्ये सुटतात. शीतलता अधिक महत्त्वाची की शुष्कता, याविषयी अमेरिकेतील मॅकफॅडन आणि सिडनी येथील सँड्रा अँडरसन यांच्या पक्षांत दीर्घ वाद झाला. पण व्यवहारापुरता दोहोंचा निष्कर्ष एकच होता. दोष श्रमाचा नसून त्या श्रमात आत जाणाऱ्या हवेचा होता. आणखीही एक गोष्ट उपयोगाची ठरली: श्रमाने एकदा आकुंचन येऊन गेल्यावर जवळजवळ निम्म्या रोग्यांत पुढील एक ते तीन तास तसाच श्रम पुष्कळ कमी त्रास देतो. मुख्य व्यायामापूर्वी हलक्या हालचालींनी शरीर तापविण्याच्या रीतीला त्यामुळे शास्त्रीय आधार मिळाला.

५. औषध व माप घरात येते

कारण कळले तरी घरात एकट्याने व्यायाम करणाऱ्याला संरक्षण हवे होते. ते दोन मार्गांनी आले. १९५६ साली ठरावीक मात्रेचा इन्हेलर बाजारात आला. १९६९ साली साल्ब्युटामॉल व १९७२ साली श्वासावाटे घेण्याचे स्टेरॉइड उपलब्ध झाले. पहिले औषध आकुंचन सोडविणारे, दुसरे श्वासनलिकांचा दाह शमविणारे. दुसरा मार्ग मापनाचा. १९५९ साली राइट व मॅकेरो यांनी उच्छ्वासाचा कमाल वेग मोजणारे पीक फ्लो मीटर सिद्ध केले आणि १९७०च्या दशकात त्याची लहान, हलकी व स्वस्त आवृत्ती निघाली. रोग्याला स्वतःच्या श्वासाचे माप प्रथमच घरी आकड्यांत मिळू लागले.

याच काळातील एक दुःखद प्रकरण मात्र विसरता येत नाही. १९६०च्या दशकात इंग्लंड व वेल्समध्ये तरुण रोग्यांचे दम्याने होणारे मृत्यू एकाएकी वाढले आणि आयसोप्रीनलिनच्या इन्हेलरचा अतिवापर त्यास कारण असल्याचा संशय आला. १९६७ साली वैद्यांना इशारा दिला गेल्यावर हे प्रमाण उतरले. औषधाचा थेट विषारी परिणाम किती आणि तात्पुरत्या आरामामुळे योग्य उपचारास झालेला विलंब किती, याविषयी मतभेद राहिले. पण धडा निर्विवाद होता. आराम देणारे औषध हाताशी असणे आणि रोग काबूत असणे या भिन्न गोष्टी आहेत. केवळ आराम देणाऱ्या औषधावर दमेकऱ्याने विसंबू नये, हा निर्णय आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत २०१९ साली स्पष्टपणे नोंदविला गेला.

क्रीडाक्षेत्रातही याच बदलाची साक्ष मिळते. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा जलतरणपटू रिक डीमाँट याचे सुवर्णपदक त्याच्या दम्याच्या औषधातील एफेड्रिनमुळे काढून घेण्यात आले. बारा वर्षांनी लॉस एंजेलिस येथे अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना श्रमजन्य दमा असल्याचे आढळले आणि त्यांनी ४१ पदके मिळविली.

६. भारतीय प्रयत्न

घरच्या व्यायामाचा विचार भारतात योगाच्या अंगाने झाला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू करून आसन-प्राणायामांच्या परिणामांची यंत्रांनी परीक्षा आरंभिली. १९६७ साली याच नियतकालिकात दम्यावरील यौगिक उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. १९८५ साली बंगलोरच्या नागरत्ना व नागेंद्र यांनी योगाभ्यास करणाऱ्या ५३ रोग्यांची तितक्याच तुल्य रोग्यांशी तुलना करून अनुकूल निष्कर्ष काढले. २०१६ सालच्या एका व्यापक समालोचनात १५ चाचण्या व १,०४८ रोगी यांचा विचार होऊन, योगाने जीवनमानात व लक्षणांत अल्पशी सुधारणा संभवते, एवढेच म्हणण्यात आले. योग औषधाची जागा घेतो, असे यातून सिद्ध होत नाही. शिवाय वर सांगितलेला शुष्कतेचा नियम प्राणायामासही लागू आहे; मंद, नाकाने घेतलेला श्वास आणि कपालभाती-भस्त्रिकेसारखा वेगाचा श्वास यांना तीव्र दम्यात एकाच मापाने मोजता येणार नाही.

७. निषेधाची समाप्ती व प्रमाणाची पुनःस्थापना

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समालोचनात २१ चाचण्या व ७७२ रोगी विचारात घेतले गेले. नियमित व्यायाम दमेकऱ्यांना सोसतो, हृदय-फुप्फुसांची क्षमता वाढते आणि रोग बळावत नाही, असा त्याचा निर्णय होता. ब्राझीलमधील साओ पाउलो येथे २०१५ साली झालेल्या प्रयोगात मध्यम व तीव्र दम्याच्या रोग्यांत बारा आठवड्यांच्या व्यायामाने श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलताही घटल्याचे दिसले. या पुराव्याच्या मर्यादा लक्षात घेतल्या पाहिजेत. हे रोगी बहुतांशी स्थिर अवस्थेतील होते आणि व्यायाम देखरेखीखाली झाला. २०१४ सालच्या व्याख्येनुसार, उच्च मात्रेच्या स्टेरॉइडबरोबर दुसरे नियंत्रक औषध घेऊनच जो काबूत राहतो, किंवा तेवढ्यानेही राहत नाही, तो तीव्र दमा होय. अशा रोग्याने घरी व्यायाम करावयाचा, तर देखरेखीची जागा पूर्वतयारीने भरून काढावी लागते.

त्या पूर्वतयारीचे प्रत्येक अंग या इतिहासातूनच आलेले आहे. दाहशामक औषध नित्य चालू असावे आणि व्यायामापूर्वी इन्हेलर घ्यावयाचा की नाही हे वैद्याने ठरवून द्यावे. त्या दिवशीचे उच्छ्वासाचे माप नेहमीहून उतरलेले असेल, सर्दी-ताप असेल किंवा रात्री दम्याने झोप मोडली असेल, तर व्यायाम टाळावा. खोलीत चुलीचा वा उदबत्तीचा धूर, फोडणीचा खाट, नुकत्याच काढलेल्या केराची धूळ नसावी. आरंभी दहा-पंधरा मिनिटे हलक्या हालचाली, मग बोलता येईल इतक्याच वेगाचा श्रम, आणि अखेरीस हळूहळू थांबणे, असा क्रम असावा. आराम देणारा इन्हेलर हाताच्या अंतरावर व घरातील एखादे माणूस हाकेच्या अंतरावर असावे. श्रम थांबल्यानंतरची पहिली दहा मिनिटे विशेष लक्ष देण्याची होत. छाती आवळली वा घुरघुर लागली तर श्रम तत्काळ थांबवून ठरलेले औषध घ्यावे. आणि औषधाने उतार पडला नाही, वाक्य पुरे करता येईनासे झाले किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

या क्रमातील बोलण्याची कसोटी सुश्रुताच्या खुणेशी जवळचे नाते सांगते. श्वास मुखावाटे वाहू लागला म्हणजे थांबावे, हा दंडक त्याने निरोग्यासाठी सांगितला होता. नाकाने घेतलेली हवा उबदार व दमट होऊन आत जाते, हे आज कळल्यावर तो दमेकऱ्यालाच अधिक लागू पडतो. सुश्रुताला हा हेतू अभिप्रेत होता असे म्हणणे इतिहासास धरून होणार नाही. परंतु प्रमाणाचे तत्त्व आणि श्वासरोग्याचा निषेध या ज्या दोन गोष्टी त्याच्या ग्रंथात शेजारी होत्या, त्यांपैकी दुसरी गळून पडली ती पहिलीचा अंमल सूक्ष्म साधनांनी करता येऊ लागला म्हणून. जेथे ती साधने रोग्याच्या घरापर्यंत पोचलेली नाहीत, नियंत्रक औषध परवडत नाही आणि माप घेण्याचे यंत्र कोणी पाहिलेले नाही, तेथे जुना निषेध आजही आपली कारणे बाळगून उभा आहे.