उगवत, मावळत आणि चार दिशा



निपाणीकडच्या एखाद्या शेतकऱ्यास त्याच्या शेताची सीमा विचारावी. 'उगवतीला चिंच, मावळतीला ओढा' असे तो सांगेल. शेजारचा कानडी शेतकरी 'मूडण' आणि 'पडुवण' म्हणेल. कानडीत 'मूडु' म्हणजे उगवणे, 'पडु' म्हणजे मावळणे. भाषांची कुळे निराळी, पण दिशा ठरविली ती दोघांनीही सूर्याकडे पाहूनच.

पोथीतले शब्द मात्र सूर्याचे नव्हेत, माणसाच्या अंगाचे आहेत. संस्कृतात पूर्व म्हणजे पुढचा, पश्चिम म्हणजे मागचा. ही नावे देणारा उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभा होता. त्याचा उजवा हात जिकडे, ती दक्षिण. त्या शब्दाचा अर्थच उजवा. हिंदीतील 'दाहिना' त्याचाच वंशज. देवाला उजव्या हाती ठेवून फिरणे ती प्रदक्षिणा, आणि आपले दख्खन हा उजव्या हाताचा मुलूख! उत्तर म्हणजे वरची. नकाशात ती वर छापतात म्हणून हे नाव पडले, असे मुलांना वाटते; पण नाव त्या नकाशांहून कितीतरी जुने आहे.

दूरच्या नॉर्वेतही हाच प्रकार दिसतो. तिथला पूर्ववाचक 'ओस्त' आपल्या 'उषस्'चा नातलग आहे. उत्तरेच्या 'नूर' या शब्दाचे मूळ 'डावा' किंवा 'खालचा' या अर्थाच्या धातूत असावे, असे भाषापंडित मानतात. म्हणजे तो मनुष्यही पूर्वाभिमुखच!

पण मनुष्य कोठे उभा आहे, यावर दिशा पालटते, हे आम्हा बेळगावकरांइतके कोणास ठाऊक? इंग्रज अमदानीत आमच्या मुलखाला दक्षिण मराठा प्रदेश म्हणत. 'सदर्न मराठा' हे नाव रेल्वेनेही मिरविले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि आम्ही उत्तरेचे झालो. आज आमच्या भागास उत्तर कर्नाटक म्हणतात. गाव जागचे तसूभर हलले नाही. त्या तारखेने कित्येक घरांत जी सल ठेवली, तीही हललेली नाही.

या उलथापालथीत उगवत आणि मावळत तेवढ्या जागेवर राहिल्या. वर्गात मी मुलांना शेताच्या चारही बाजू घरच्या बोलीत सांगावयास लावतो. उगवत-मावळत मराठी मुले चटकन सांगतात; पुढे अडतात, मग दक्षिण-उत्तरच म्हणतात. 'तेंकण' आणि 'बडगण' हे दोन शब्द मला कानडी घरच्या मुलांनी शिकविले.