पंपाचा दांडा कुणाच्या हातात? गावच्या आरोग्याची आणि गावकारभाराची गोष्ट



दरवर्षी पहिले दोन-चार पाऊस पडून गेले की माझ्या ओपीडीत एक ठरलेलं चित्र दिसतं. सकाळी एक आजोबा येतात, जुलाब-उलट्यांनी पार गळून गेलेले. दुपारी एक आई तान्ह्या लेकराला घेऊन येते. संध्याकाळी कॉलेजात जाणारा एक मुलगा. मी तिघांना गाव विचारतो आणि तिघेही एकाच गावाचं नाव सांगतात. पाणी कुठलं पिता, असं विचारलं की उत्तर येतं, "टाकीचंच पितोय की डॉक्टरसाहेब, दुसरं कुठलं पिणार?"

मी ओआरएस देतो, गरज असेल तर सलाईन लावतो. तिघेही बरे होऊन घरी जातात आणि पुन्हा तेच पाणी पितात. त्या टाकीत औषध टाकायचं काम माझ्या हातात नाही. ते ग्रामपंचायतीच्या हातात आहे. म्हणून आजचा लेख औषधांवर नाही. गावचा कारभार आणि गावचं आरोग्य यांचं नातं किती जुनं आहे, ते आज पाहू.

लंडनमधला एक पंप

सुरुवात थोडी लांबून करू. १८५४ च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली. दहाएक दिवसांत पाचशेच्या वर माणसं गेली. पटकी घाणेरड्या हवेतून पसरते, असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. जॉन स्नो या डॉक्टरांना ते पटत नव्हतं. मृत्यू कुठे-कुठे झाले याची त्यांनी घरोघर चौकशी केली. बहुतेक घरं ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाचं पाणी पिणारी निघाली.

आता पुढचा भाग नीट वाचा. स्नो यांनी स्वतः जाऊन पंप बंद केला नाही, कारण तसा अधिकारच त्यांना नव्हता. ७ सप्टेंबरला ते तिथल्या स्थानिक मंडळापुढे गेले आणि आपलं म्हणणं मांडलं. मंडळातल्या लोकांना ते पुरतं पटलं होतं असंही नाही. तरी दुसऱ्या दिवशी पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, पण त्या दांड्यातून जगाला एक धडा मिळाला. रोगाचं कारण डॉक्टर सांगू शकतो, पण दांडा काढायला गावकारभाऱ्यांचा ठरावच लागतो.

मग आपल्याकडे, सोलापूरच्या खेड्यांत, हा दांडा कुणाच्या हातात होता?

चावडीचे दिवस

जुन्या काळी गावचा कारभार चावडीवरून चाले. पाटील गावाचा प्रमुख, कुलकर्णी दप्तर सांभाळणारा, आणि त्यांच्या सोबतीला बलुतेदार. तंटे, सारा, राखण, सगळं तिथेच. गाव झाडण्याचं आणि मेलेली जनावरं ओढून नेण्याचं काम जातीनं ठरलेलं होतं. ज्यांच्या कष्टावर गावाची स्वच्छता उभी होती, त्यांनाच गावच्या पाणवठ्याला शिवायची बंदी होती. आरोग्याच्या इतिहासातली ही गोष्ट झाकून ठेवून चालणार नाही.

इंग्रजी अमलात १८८२ साली लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव आला. १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डं स्थापन झाली. पाठोपाठ १८८९ मध्ये खेड्यांच्या स्वच्छतेसाठी वेगळा कायदा झाला. कागदावर खेड्यांना स्वच्छतेचे नियम मिळाले. पण बोर्डाचा पैसा थोडा, गावं अनेक आणि सामान्य रयतेला मत नाही. दांडा अजून दूरच होता.

प्लेग: वरून आलेला हुकूम आणि गावाचं शहाणपण

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे इलाखाभर पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा केला. कोरोनाच्या वेळी, मार्च २०२० मध्ये, आपल्या राज्यात लागू केला तो हाच कायदा! पुण्यात सैनिक घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. लोक इतके बिथरले की आजारी माणसं लपवू लागले. त्याच वर्षी २२ जूनला प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्याआधी मार्चमध्ये पुण्यातच प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. सेवा एकीकडे आणि सक्ती दुसरीकडे, अशी दोन्ही चित्रं एकाच शहरातली आहेत.

खेड्यांत मात्र आणखी एक गोष्ट घडत होती. उंदीर पटापट मरू लागले की गाव घरं सोडून रानात, माळावर झोपड्या घालून राहायला जाई. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी त्यांच्या आजी-आजोबांकडून ही गोष्ट ऐकली असेल. हा नुसता भीतीपोटीचा पळ नव्हता. प्लेग उंदराच्या पिसवांमुळे पसरतो हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ यांनी १८९८ मध्ये आपल्याच उपखंडात काम करताना दाखवून दिलं. उंदीर मेला की पिसू दुसरं गरम रक्त शोधते. घर सोडलं की तिला माणूस सापडत नाही. म्हणजे गावाने अनुभवातून जे ठरवलं होतं, ते शास्त्राला धरूनच होतं.

याच्या उलट निर्णय इंग्लंडमधल्या ईम नावाच्या खेड्याने घेतला होता. १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाबरोबर तिथे प्लेग आला. पुढच्या वर्षी गावच्या धर्मगुरूंनी गावकऱ्यांना एकत्र करून ठरवलं, कुणी गावाबाहेर जायचं नाही. बाहेरचे लोक शिवेवरच्या दगडापाशी धान्य ठेवत आणि गावकरी व्हिनेगरमध्ये बुडवलेली नाणी तिथे ठेवत. शेजारची गावं वाचली, पण ईममधली सुमारे २६० माणसं गेली. त्यांचा त्याग मोठाच, पण घरातल्या पिसवांची त्यांना कल्पना नव्हती.

दोन्ही गावांनी आपलं आपण ठरवलं आणि लोकांनी ते पाळलं. सैनिकांच्या हुकुमाला जे जमलं नाही ते त्यांना जमलं. पण गाव कितीही एकजुटीचं असो, योग्य माहिती नसेल तर त्याची किंमत मोजावी लागते. म्हणूनच डॉक्टर आणि पंचायत दोघेही हवेत.

पाणी सगळ्यांचं आहे का?

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि दवाखानेसुद्धा अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं कागदोपत्री खुलं केलं. पण प्रत्यक्षात कुणी पाणी भरू देईना. शेवटी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं.

डॉक्टर म्हणून मला यातून दोन गोष्टी दिसतात. स्वच्छ पाणी हा माणूस म्हणून हक्क आहे. आणि ठराव वहीत राहिला तर त्याचा रोग्याला काडीचा उपयोग नाही.

आपल्या पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभारणारे गाडगेबाबा हेच वेगळ्या रीतीने सांगत. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन करायचं. पुढे २०००-०१ पासून त्यांच्याच नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं.

दांडा गावाच्या हाती आला

स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये ग्रामपंचायतींचा आजचा कायदा झाला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेकडे आली, तर गावचं पाणी, गटारं, स्वच्छता, जन्म-मृत्यूची नोंद ही कामं गावपातळीवर ग्रामपंचायतीकडे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेचा आधार मिळाला. २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्या. घागर जिच्या डोक्यावर, तीच आता सरपंचाच्या खुर्चीत बसू शकते.

याचा उपयोग होतो का? २०२१ मधली कोरोनाची दुसरी लाट आठवा. खाटा नाहीत, ऑक्सिजन नाही, फोनवर फोन. त्या काळात मोहोळ तालुक्यातल्या घाटणे या छोट्या गावाने तरुण सरपंच ऋतुराज देशमुख यांच्या पुढाकाराने आपली साथ आपणच आवरायला घेतली. आशाताईंसोबत घरोघर चौकशी, लक्षण दिसताच चाचणी आणि बाधित माणसाला वेळेत वेगळं ठेवणं, इतकं साधं काम. दक्षिण सोलापुरातल्या अंत्रोळीनेही कोमल करपे सरपंच असताना असंच करून दाखवलं. ३० मे २०२१ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्याशी बोलताना हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांसोबत या दोघांची नावं घेतली. पाठोपाठ राज्यात कोरोनामुक्त गाव स्पर्धा जाहीर झाली.

या गावांकडे कुठलं गुप्त औषध नव्हतं. ठरवणारा माणूस ओळखीचा होता, दारात येणारी आशाताई ओळखीची होती, म्हणून लोकांनी आजार लपवला नाही. १८९७ च्या पुण्यात नेमकं हेच नव्हतं.

आता तुमच्या गावाचं बोला

आषाढात पालख्या आपल्या जिल्ह्यात येतात. वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी अशा गावांत मुक्कामाला लाखो माणसं उतरतात. तेव्हा तिथला पाण्याचा प्रत्येक स्रोत तपासावा लागतो, शुद्ध करावा लागतो. हे काम वारीपुरतं नाही. तुमच्या गावात ते रोज व्हायला हवं.

आपण जिला टीसीएल म्हणतो ती ब्लीचिंग पावडर टाकीत टाकली की त्यातला क्लोरीन जंतू मारतो. पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली, तर क्लोरीन उडून जातो आणि उरते ती नुसती पांढरी भुकटी. पावडर टाकल्यावर किमान अर्धा तास थांबून मगच पाणी सोडायचं असतं. पाण्यात क्लोरीन उरला आहे की नाही, हे ओटी चाचणीत पाण्याला येणाऱ्या पिवळ्या रंगावरून कळतं. शेवटच्या नळाचं पाणी तपासलं तरच त्या चाचणीला अर्थ आहे.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावच्या पाणी स्रोतांची पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं. लाल म्हणजे धोका जास्त, पिवळं म्हणजे मध्यम, हिरवं म्हणजे कमी.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. पुढच्या ग्रामसभेला जा आणि शांतपणे, भांडण न करता, एवढंच विचारा:

१. आपल्या गावाला यंदा कुठल्या रंगाचं कार्ड मिळालं?
२. टीसीएल किती शिल्लक आहे, कधीची आहे, कुठे ठेवली आहे?
३. ओटी चाचणीची नोंदवही दाखवाल का?
४. टाकी शेवटची कधी धुतली?
५. गटारातून गेलेली, गळणारी पाइपलाइन कधी बदलणार?
६. ग्राम आरोग्य समितीची बैठक झाली का, निधी कशावर खर्च झाला?

बायकांनी तर जरूर जावं. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, तिथेही हे प्रश्न मांडता येतात.

आणि तोवर घरात काय करायचं? पाणी खळखळ उकळून गार करा, झाकून ठेवा, ओगराळ्याने घ्या. जुलाब सुरू होताच ओआरएस द्या. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, बाळ मलूल पडलं किंवा काही पोटात ठरत नसेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

यंदाही पावसाळ्यात मी ओपीडीत असेनच. पण एकाच गावाचे तीन पेशंट एकाच दिवशी माझ्याकडे आले नाहीत, तर मला आनंदच होईल. लंडनच्या डॉक्टरांना दांडा काढण्यासाठी दुसऱ्यांपुढे जाऊन पटवावं लागलं होतं. तुम्हाला तर ग्रामसभेत बसायचा हक्कच आहे.

काळजी घ्या, आणि ग्रामसभेची तारीख विचारून ठेवा.